दीवचा इतिहास : तटाच्या आतला आणि बाहेरचा

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यालगत, एका अरुंद खाडीने मुख्य भूमीपासून विलग झालेले दीव हे बेट विस्ताराने अगदी लहान आहे. मुख्य भूमीवरील घोघला धरूनही या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस किलोमीटर भरते, आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५२,०७४ इतकी नोंदली गेली. येथील बहुसंख्य लोकांची भाषा गुजराती आहे. इतक्या लहान भूमीविषयी युरोपीय भाषांत जितके लिहिले गेले, तितके भारतातील मोठमोठ्या प्रांतांविषयीही क्वचितच लिहिले गेले असेल. तथापि या विपुल लेखनाचे परिशीलन केल्यास एक विसंगती प्रकर्षाने जाणवते. दीवविषयीचे ग्रंथ पुष्कळ आहेत, परंतु त्यांत दीवचे लोक फारसे आढळत नाहीत. किल्ला आढळतो, वेढे आढळतात, सुभेदार आणि कप्तान आढळतात. पण ज्यांच्या घरांतून गुजराती बोलली गेली ते वाणी, विणकर, खारवे आणि कोळी हे पार्श्वभूमीवरच राहतात. या इतिहासलेखनाची परीक्षा करणे आणि भाषेच्या साक्षीने त्यात कोणती दुरुस्ती करता येईल याचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

१

प्रथम वेढ्यांचे वाङ्मय पाहू. इ. स. १५३५ मध्ये हुमायूनच्या स्वारीने जेरीस आलेल्या गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने पोर्तुगीजांना दीव येथे किल्ला बांधण्यास अनुमती दिली. १५३७ च्या फेब्रुवारीत, पोर्तुगीज गव्हर्नराच्या भेटीनंतर उद्भवलेल्या झटापटीत, हा सुलतान समुद्रात मृत्यू पावला. पुढे १५३८ मध्ये तुर्की आरमाराच्या साहाय्याने आणि १५४६ मध्ये पुन्हा एकदा गुजरातच्या सैन्याने किल्ल्यास वेढा घातला. दोन्ही वेळा किल्ला टिकला. या दोन वेढ्यांनी युरोपात एक लहानसे ग्रंथालयच निर्माण केले. पहिल्या वेढ्यानंतर अवघ्या वर्षभरात, १५३९ मध्ये, दामियाओ द गोइश याने त्यावर लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वेढ्यात स्वतः लढलेल्या लोपो द सोझा कुतिन्यो याचा ग्रंथ १५५६ मध्ये निघाला. दुसऱ्या वेढ्यावर दियोगो द तैव्ह याचा लॅटिन वृत्तांत १५४८ मध्ये आला, आणि १५७४ मध्ये जेरोनिमो कोर्त-रेआल याने त्याच विषयावर महाकाव्य रचले. बारुश, कोरेआ, कौतू या बखरकारांनी जे लिहिले ते वेगळेच.

या वाङ्मयाला खोटे म्हणण्याचे कारण नाही. त्यातील तपशील पुष्कळदा सूक्ष्म आणि विश्वसनीय आहे. दोष आहे तो दृष्टीच्या स्थानाचा. लेखक तटावर उभा आहे आणि बाहेर पाहतो आहे. त्याला समोर शत्रूचे मोर्चे दिसतात, परंतु तट आणि मोर्चे यांच्यामध्ये जे गाव आहे ते त्याला केवळ युद्धभूमी म्हणून दिसते. लॅटिन भाषेची निवडही अर्थपूर्ण आहे. हे ग्रंथ दीवसाठी नव्हे, तर युरोपातील विद्वत्सभेसाठी लिहिले गेले. ख्रिस्ती राजाने दूर पूर्वेकडे तुर्कांना परतविले, हे तिला कळविणे हा त्यांचा उद्देश होता. गावातील धान्याचा भाव काय होता, वेढ्यात विणकर कोठे गेले, हे सांगण्याचे त्यांना प्रयोजन नव्हते.

अरबी आणि फारसी इतिहासकारांकडे वळावे तर तेथेही स्थिती फारशी वेगळी नाही. 'मिराते सिकंदरी' आणि हाजी अद्-दबीर याचा अरबी इतिहास हे दोन्ही ग्रंथ सतराव्या शतकाच्या प्रारंभीचे. त्यांतून बहादूरशहाच्या मृत्यूची दुसरी बाजू कळते. पोर्तुगीज लेखकांना जी झटापट वाटते, ती या परंपरेत विश्वासघात ठरते. प्रा. म. स. कोमिसारियत यांनी आपल्या गुजरातच्या इतिहासाच्या १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात या दोन्ही परंपरा समोरासमोर ठेवल्या, ही त्यांची मोठीच कामगिरी होय. परंतु दोन साक्षीदारांची उलटतपासणी करताना दोघेही एकाच प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत, ही गोष्ट दुर्लक्षित राहते. सुलतानाला कोणी मारले हा दरबाराचा प्रश्न आहे. तो महत्त्वाचा आहेच. पण दीवच्या इतिहासाचा तो एकमेव प्रश्न नव्हे.

२

या चित्राला पहिला खरा छेद गेला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, व्यापाराच्या इतिहासाकडे अभ्यासक वळले तेव्हा. मायकेल पिअर्सन यांचा गुजरातमधील व्यापारी आणि राज्यकर्ते यांवरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. पोर्तुगीजांच्या आगमनाला गुजरातमधील निरनिराळ्या गटांनी निरनिराळे उत्तर दिले, हे त्यांनी दाखविले. सुलतानांचे लक्ष जमिनीच्या महसुलाकडे, व्यापाऱ्यांचे मालाच्या सुरक्षिततेकडे, आणि या दोहोंच्या मध्ये दीवचा सुभेदार मलिक अयाझ. मूळचा गुलाम असलेला हा चतुर पुरुष दीवच्या बंदरावर आपले भवितव्य बांधून होता. चौल येथे १५०८ मध्ये पोर्तुगीजांचा पराभव करणाऱ्या इजिप्तच्या आरमाराला त्याने साहाय्य केले. ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या समुद्रात अल्मेदाने त्या आरमाराचा विध्वंस केल्यावर मात्र चौल येथे पकडलेले पोर्तुगीज कैदी त्याने परत केले आणि तहाची बोलणी आरंभिली. १५२२ मध्ये तो वारला. त्याच्या हयातीत पोर्तुगीजांना दीवमध्ये पाय रोवता आला नाही, आणि त्यानंतरही १५३१ मधील नूनो द कुन्यो याची मोठी स्वारी निष्फळ ठरली.

पिअर्सन यांच्या विवेचनामुळे दीव हे केवळ किल्ल्याचे ठिकाण न राहता बंदर झाले. पुढे पेद्रू मशादू यांनी २०१४ च्या आपल्या ग्रंथात अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील दीव आणि मोझांबिक यांच्या व्यापाराचा सविस्तर आलेख मांडला. जंबुसरच्या परिसरात विणलेले कापड दीवमार्गे आफ्रिकेस जाई आणि तेथून हस्तिदंत येई. गुलामांचाही व्यापार त्यात होता, ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. दीवमधील सिद्दी समाज आफ्रिकेशी असलेल्या याच संबंधाची आठवण देतो. कापडाची निवड लिस्बनमध्ये ठरत नसे. आफ्रिकेतील ग्राहकाची आवड ओळखणारा वाणी आणि त्याच्यासाठी विणणारा विणकर ती ठरवीत. ज्या साम्राज्याचा इतिहास आजवर कप्तानांच्या नावाने लिहिला गेला, त्याचा खर्च बऱ्याच अंशी या लोकांच्या हिशेबवह्यांवर चालत होता.

येथवर हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकास या नव्या इतिहासातही एक उणीव भासते. यातील व्यापारी हिशेब करतात, कर्ज देतात, अर्ज करतात; मात्र ते बोलत नाहीत. त्यांची भाषा ही जणू माहितीवरील टरफल आहे आणि ते सोलून टाकले की आतील आकडा हाती येतो, असा एक अव्यक्त समज या लेखनामागे दिसतो. वस्तुतः ज्या शब्दांत ही माहिती साठविली आहे ते शब्द स्वतःच पुरावा आहेत.

३

एकच उदाहरण घेऊ. इ. स. १६८६ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने दीवच्या वाण्यांना मोझांबिकशी व्यापार करण्याचा मक्ता दिला, आणि तो १७७७ पर्यंत चालू राहिला. ज्या संस्थेस हा मक्ता मिळाला तिला पोर्तुगीज दप्तरांत 'मझानेश'ची कंपनी असे म्हटले आहे. हा शब्द म्हणजे गुजराती 'महाजन' होय. स्वरांमधील हकार पोर्तुगीज उच्चारात टिकत नाही. 'ज'चा घर्षक उच्चार होतो. अंती स्वर येऊन अनेकवचनाचा प्रत्यय लागतो. ध्वनिदृष्ट्या येथे काहीच अवघड नाही. अवघड आहे तो अर्थाचा प्रवास. गुजरातच्या नगरांत 'महाजन' ही संस्था आहे. एका धंद्यातील किंवा गावातील प्रतिष्ठितांचा तो समुदाय असून तो नियम घालतो, तंटे मिटवितो आणि दंड करतो. पोर्तुगीज लेखनात तोच शब्द अनेकवचनी होऊन व्यक्तींचा वाचक बनतो, आणि त्याच्या मागे 'कंपनी' हा युरोपीय शब्द जोडला जातो.

या लहानशा रूपांतरात दोन समजुतींची गाठ पडलेली आहे. राज्यकर्त्यांना वाटले की आपण एक नवी कंपनी स्थापन केली. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने मात्र, नावावरून तरी असे सुचते की, आधीच अस्तित्वात असलेल्या महाजनाला राजमुद्रेचा कागद मिळाला. दप्तरातील नोंद केवळ अनुवादात वाचणाऱ्यास 'दीवच्या व्यापाऱ्यांची कंपनी' एवढेच दिसेल आणि मक्ता हा पोर्तुगीज धोरणाचा एक अध्याय वाटेल. मूळ शब्दापाशी थांबणाऱ्यास त्या धोरणाखाली असलेली देशी संस्थेची पायाभरणी दिसू शकेल.

असेच दुसरे उदाहरण 'कार्ताझ' या परवान्याचे. हा परवाना जवळ नसलेले गलबत पोर्तुगीज जप्त करीत. समुद्रावरील पोर्तुगीज सत्तेचे हे प्रतीकच समजले जाते. परंतु तो शब्द अरबी 'किर्तास', म्हणजे कागद, यापासून आला आहे. ज्या समुद्रावर आपण नवा कायदा आणला असे पोर्तुगीजांना वाटत होते, तेथील कागदपत्रांची भाषा त्यांच्या आधीच रूढ होती.

तथापि अशा पुराव्याचा अतिरेक होऊ देता कामा नये. पगार, चावी, बटाटा, पाव, कोबी हे शब्द गुजरातीत पोर्तुगीजमधून आले, आणि ते मराठीतही आहेत. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दालगादू यांच्या कोशावरून असे शब्द आशियातील किती भाषांत पसरले आहेत हे सहज कळते. म्हणूनच दीवच्या गुजरातीत 'चावी' आढळली याचा अर्थ ती दीवच्या किल्ल्यातून आली असा होत नाही. जो शब्द संपूर्ण पश्चिम किनाऱ्याचा आहे त्यावर एका बेटाचा इतिहास उभारता येणार नाही. भाषिक पुरावा तेव्हाच बोलका होतो, जेव्हा त्याचे स्थान आणि काल निश्चित करता येतात.

४

स्थान निश्चित असलेला असा एक पुरावा दीवमध्ये आहे. तो म्हणजे तेथील कॅथलिक कुटुंबांची पोर्तुगीज-मूल संकरभाषा. १८८३ मध्ये ग्राट्झचे प्राध्यापक ह्यूगो शूखार्ट यांनी आपल्या संकरभाषाविषयक अभ्यासमालेत दीवच्या बोलीवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यांनी दीव पाहिले नव्हते. सामग्री पत्रव्यवहाराने मिळविली होती. तरीही ज्या बोलीस सुशिक्षित वर्ग बिघडलेली पोर्तुगीज म्हणून हसत असे, तिला स्वतःचे व्याकरण आहे हे गृहीत धरून त्यांनी विवेचन केले, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे गोव्याचे दालगादू यांनी दमणच्या आणि उत्तर किनाऱ्यावरील बोलींचा अभ्यास केला. अलीकडे ह्यूगो कार्दोसू यांनी प्रत्यक्ष दीवमध्ये राहून तयार केलेले व्याकरण २००९ मध्ये पूर्ण झाले. त्यांच्या मते ही बोली मातृभाषा म्हणून बोलणारे सुमारे १८० लोक होते.

या बोलीची तुलना रायगड जिल्ह्यातील कोर्लईच्या बोलीशी केल्यास महत्त्वाचे काही हाती लागते. दोन्हींचा उगम सोळाव्या शतकातला, दोन्ही समाज कॅथलिक, आणि दोहोंच्या भोवती कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम पाळणाऱ्या भारतीय भाषा. कोर्लईभोवती मराठी, दीवभोवती गुजराती. कोर्लईच्या बोलीने हा क्रम स्वीकारला. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ च्या ग्रंथात तिचे हे रूपांतर तपशिलाने दाखविले आहे. दीवच्या बोलीत मात्र क्रियापद कर्माच्या आधीच राहिले आणि नामापूर्वी येणारी अव्ययेही टिकली. हा भेद का पडला? कोर्लईचा पोर्तुगीज सत्तेशी संबंध १७४० मध्ये, चौल मराठ्यांकडे आल्यावर, तुटला. दीवमध्ये तो १९६१ पर्यंत चालू राहिला. चर्च, शाळा आणि कचेरी यांतून पोर्तुगीज भाषा सतत कानावर पडत राहिली आणि घरच्या बोलीला तिने आपल्याकडे ओढून धरले.

म्हणजे दीवच्या राजकीय इतिहासाची सव्वाचारशे वर्षे वाक्यातील शब्दांच्या क्रमात नोंदली गेली आहेत. परंतु या नोंदीचा दुसरा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. पोर्तुगीज प्रभाव खोल होता, पण अरुंद होता. तो एका लहान समाजाच्या वाक्यरचनेपर्यंत पोहोचला आणि त्याच्या भोवतालच्या सहस्रावधी लोकांची भाषा गुजरातीच राहिली. गावातील ख्रिस्ती वस्तीला 'फिरंगीवाडा' म्हणतात. हे नाव त्या वस्तीने स्वतःला दिलेले वाटत नाही. शेजाऱ्यांनी आपल्या भाषेत तिला दिलेले ते नाव आहे. दीव म्हणजे छोटे पोर्तुगाल, ही पर्यटनपुस्तिकांतून आणि स्मरणरंजनपर लेखनातून पुन्हा पुन्हा भेटणारी कल्पना या एका नावापाशी अडखळते. ज्या गावात पोर्तुगीज असणे हा एका वाड्याचा विशेष होता, ते गाव पोर्तुगाल कसे होईल?

त्याचबरोबर भाषाभ्यासकांनीही आपल्याकडे पाहिले पाहिजे. १८० लोकांच्या बोलीवर आपण सुमारे सव्वाशे वर्षे श्रम केले. ते योग्यच होते, कारण ती बोली लोपाच्या मार्गावर आहे. परंतु त्याच बेटावरील पन्नास हजार लोकांच्या गुजरातीकडे, वणाकबाऱ्याच्या मच्छीमारांच्या नौकाशब्दांकडे किंवा विणकरांच्या मागाच्या परिभाषेकडे त्या प्रमाणात लक्ष दिले गेले नाही. जे विलक्षण ते अभ्यसनीय आणि जे नित्याचे ते उपेक्षणीय, हा समज वेढ्यांच्या बखरकारांचा होता. शास्त्राच्या नावाने आपण तोच समज पुढे चालविला, असे म्हणणे भाग पडते.

५

मराठी वाचकाला दीव परिचित आहे ते 'गोवा, दमण व दीव' या सामासिक नावातील अंत्यपद म्हणून. डिसेंबर १९६१ मध्ये हे तिन्ही प्रदेश मुक्त झाले आणि १९८७ पर्यंत त्यांचा एक केंद्रशासित प्रदेश होता. गोव्याच्या मुक्तिसंग्रामावर मराठीत विपुल लेखन झाले. त्यात दीवचा उल्लेख बहुधा शेवटी आणि एका वाक्यात येतो. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाविषयीही असेच झाले. गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला, ही घटना मराठी विचारविश्वात दीर्घकाळ चर्चिली गेली. त्याच दिवशी दमण आणि दीवच्या मतदारांपुढे गुजरातमध्ये विलीन होण्याचा प्रश्न होता आणि त्यांनीही नकार दिला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

वास्तविक भाषावार प्रांतरचनेच्या तत्त्वाची परीक्षा गोव्यापेक्षा येथे अधिक कठोर होती. गोव्यात कोंकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली असा वाद तरी होता. दीवमध्ये असा कोणताही वाद नव्हता. भाषा गुजराती, भोवतालचा प्रदेश गुजराती, तरीही मतदारांनी वेगळे राहणे पसंत केले. गुजरातमध्ये दारूबंदी होती म्हणून असे झाले, हे याचे एक प्रचलित स्पष्टीकरण आहे. त्यात थोडे तथ्य असेलही; पण लोकांच्या राजकीय निर्णयाला गुत्त्याच्या दारापर्यंत नेऊन सोडणारे स्पष्टीकरण अभ्यासकाने पुरेसे मानू नये. वेगळ्या कायद्यांची आणि आफ्रिकेपर्यंत पसरलेल्या नात्यांची सवय असलेला समाज भाषेने गुजराती असूनही हितसंबंधांनी वेगळा असू शकतो, ही शक्यता अधिक विचारार्ह आहे. भाषा समाजाला ओळख देते, पण त्याचा सर्व इतिहास तीत सामावत नाही. हे भाषाशास्त्राच्या अध्यापकाने म्हणावे यात विरोधाभास नाही. आपल्या साधनाची मर्यादा ओळखणे हे शास्त्राचे पहिले लक्षण आहे.

सामासिक नावाचा आणखी एक दुष्परिणाम आकडेवारीत दिसतो. १९८७ नंतर 'दमण व दीव' हे एक एकक झाले आणि २६ जानेवारी २०२० पासून दादरा व नगर हवेलीसह ते आणखी मोठ्या एककात गेले. दमण आणि दीव यांच्यामध्ये खंबातचे आखात आहे; खुष्कीच्या मार्गाने हे अंतर सहाशे किलोमीटरांहून अधिक भरते. २०११ च्या जनगणनेत या एककातील स्त्री-पुरुष प्रमाण दर हजार पुरुषांमागे ६१८ स्त्रिया असे आले. या आकड्यावरून दीवविषयी कोणी निष्कर्ष काढील तर तो पूर्णपणे चुकेल. दमणमध्ये हे प्रमाण ५३४ होते, तर दीवमध्ये १,०३१. दमण हे कारखान्यांसाठी बाहेरून आलेल्या एकट्या पुरुषांचे ठिकाण बनले आहे. उलट दीवची पुष्कळ माणसे पूर्वी मोझांबिकला आणि पुढे पोर्तुगाल व ब्रिटन येथे गेली. सरासरीच्या एका आकड्यात माणसे येणारा जिल्हा आणि माणसे जाणारा जिल्हा एकमेकांना पुसून टाकतात. बखरकारांच्या लेखणीत दीवचे लोक तटामागे गेले होते. आता ते सरासरीमागे गेले.

६

या सर्व विवेचनाचा मथितार्थ असा की, दीवविषयक लेखनाचे दोष माहितीच्या अभावातून उद्भवलेले नाहीत. वेढ्यांच्या लेखकांना गाव दिसत होते, व्यापाराच्या इतिहासकारांना दप्तरातील शब्द दिसत होते, आणि जनगणनेत दोन्ही जिल्ह्यांचे आकडे स्वतंत्र छापलेले आहेत. प्रश्न आहे तो कोणास दीवचा म्हणावयाचे याचा. किल्ल्याचा कप्तान तीन-चार वर्षे राहून परत जाई आणि इतिहासात त्याचे नाव राही. ज्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तेथे होते त्या विणकराचा इतिहास मात्र लोकवर्णनाच्या परिशिष्टात जाई. 'इतिहास' आणि 'लोक' ही दोन स्वतंत्र प्रकरणे करण्याची जी पद्धत आपल्या संदर्भग्रंथांनी रूढ केली आहे, तिचे मूळ या विभागणीत आहे. ही विभागणी मोडल्याखेरीज दीवचा इतिहास लिहिला जाणार नाही.

हे काम करण्यास मराठी विद्यार्थी विशेष सोयीच्या जागी आहे, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. दीवशी झालेल्या पत्रव्यवहाराची दप्तरे पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. गुजराती ही मराठीची शेजारीण असून ती वाचावयास शिकणे त्याला कठीण नाही. कोर्लईची बोली तर त्याच्या घरच्या अंगणात आहे. राहता राहिली पोर्तुगीज भाषा. तिच्यासाठी दोन वर्षांचा नेटाचा अभ्यास पुरेसा आहे. ज्याला या तिन्ही भाषा एका मेजावर उघडून बसता येईल, त्याला 'मझानेश'च्या मागे 'महाजन' दिसेल. आणि तो एकदा दिसला की, केवळ पोर्तुगीजांचा ठेवा म्हणून किंवा केवळ परकीय सत्तेची खूण म्हणून दीवकडे पाहणे त्याला शक्य होणार नाही.